छायाचित्रातील चेहरा आणि नोकरीची संधी

नोकरीच्या अर्जाचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पालटले आहे. टपालाने जाणाऱ्या अर्जाची जागा संकेतस्थळावरील व्यक्तिपरिचयाने घेतली असून, तेथे शिक्षण व अनुभव यांच्याही आधी नजरेस पडते ते उमेदवाराचे छायाचित्र. निवडकर्त्याचे मत तेथूनच आकार घेऊ लागते.

प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस व तोदोरोव यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा केवळ दहावा भाग दिसला तरी लोक त्या व्यक्तीच्या विश्वासार्हतेविषयी व कार्यक्षमतेविषयी मत बनवतात. अधिक वेळ मिळाल्यास मत फारसे बदलत नाही. त्याविषयीची खात्री तेवढी वाढते.

या मताची किंमत उमेदवाराला मोजावी लागते. इस्रायलमध्ये रफल व श्टुडिनर यांनी २६५६ जाहिरातींना ५३१२ अर्ज जोडीने पाठविले. जोडीतील एका अर्जावर छायाचित्र होते, दुसऱ्यावर नव्हते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देखण्या पुरुषांच्या १९.९ टक्के, सामान्य रूपाच्या पुरुषांच्या १३.७ टक्के, तर छायाचित्र न लावणाऱ्या पुरुषांच्या ९.२ टक्के अर्जांना प्रतिसाद मिळाला. स्त्रियांच्या बाबतीत चित्र उलटे होते. छायाचित्र नसलेल्या अर्जांनाच सर्वाधिक प्रतिसाद लाभला. देखणेपणाचा लाभ झाला नाही.

प्रश्न केवळ रूपाचा नाही. जर्मनीत वाइक्सेलबाउमर यांनी एकाच तरुणीच्या छायाचित्रासह अर्ज पाठविले. जर्मन नावाला १८.८ टक्के, तुर्की नावाला १३.५ टक्के, तर तुर्की नाव व डोक्यावर रुमाल असता अवघ्या ४.२ टक्के वेळा मुलाखतीचे बोलावणे आले. पात्रता तीच होती.

आपल्या राज्यघटनेचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत समान संधीची हमी देतो. त्याच दिशेने केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ व अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. खासगी क्षेत्रात मात्र पहिली चाळणी बहुधा आस्थापनेच्या मर्जीवर अवलंबून असते. प्राथमिक छाननीत छायाचित्र व नाव झाकणे, निकष आधीच लेखी ठरविणे आणि सर्वांना समान प्रश्न विचारणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत.

घराण्यात प्रथमच पदवी मिळविलेल्या ग्रामीण तरुणाची पारख त्याच्या कौशल्यावरून व्हावी, छायाचित्रातील कपड्यांवरून वा वर्णावरून नव्हे. अन्यथा तंत्रज्ञान नवे आणि पूर्वग्रह मात्र जुनेच, अशी स्थिती राहील.