प्राजक्ताचा केशरी देठ

जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. प्राजक्त मात्र वेचूनच वाहायचा. त्याला इलाज नाही, कारण संध्याकाळी उमललेली फुलं पहाटे गळून जातात. जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या या झाडाचा केशरी देठ म्हणजे खरं तर पाकळ्या खाली जुळून झालेली नळी. तिच्यात केशरातलंच क्रोसेटिन हे रंगद्रव्य असतं, म्हणून पूर्वी तिने रेशीम रंगवत. पानं मात्र पॉलिश पेपरसारखी खरखरीत! बी किंवा फांदी लावा, भरपूर ऊन द्या, मुळाशी पाणी साचू देऊ नका. श्रीकृष्णाने लावलेलं झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या दारात, ही कथा ठाऊक आहेच. त्याला बागकामही चांगलं कळत असावं.