सोनगीर फाट्यावर इंटरनेट कुठे वळतं?

मी बोलतोय सोनगीरहून, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या गावातून. मागे ट्रकचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच आहे.

धुळ्याहून आलेला ट्रकवाला इथे ठरवतो, सरळ शिरपूर की डावीकडे दोंडाईचा? तुमच्या मोबाइलमधून निघालेला डेटाही असाच फाट्या-फाट्यावर रस्ता विचारत जातो. सांगणारा असतो राउटर. आणि त्यासाठी महागडा डबाच पाहिजे असं नाही. जुना कॉम्प्युटर, लिनक्स, दोन नेटवर्क कार्डं आणि एक फुकट सॉफ्टवेअर, भागलं!

या सॉफ्टवेअरचं घराणं मजेशीर आहे. जपानच्या कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये 'झेब्रा' सुरू केलं. त्यातून 'क्वागा' निघालं. क्वागा म्हणजे झेब्र्याचाच एक नामशेष प्रकार, शेवटचा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मेला. (असलं नाव ठेवणाऱ्याला दाद द्या.) मग २०१७ मध्ये 'एफआरराउटिंग' वेगळं झालं. कोड खुला, म्हणून एक गट थकला की दुसरा उचलतो.

आत कामं वाटलेली असतात. आपल्याच नेटवर्कमधले रस्ते ओएसपीएफ बघतो, कंपन्या-कंपन्यांमधले बीजीपी. दोघांचं ऐकून झेब्रा चांगला रस्ता निवडतो आणि लिनक्सच्या कर्नलला कळवतो. समजा जेसीबीनं केबल तोडली. ओएसपीएफचे राउटर साधारणपणे दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारतात. ४० सेकंद हाक आली नाही की शेजारी गेला असं धरून डेटा दुसरीकडून वळवतात. पण दुसरी केबल असायला हवी ना! दोन्ही एकाच चारीत टाकल्या असतील तर सॉफ्टवेअर काय करणार?

बीजीपीची अडचण वेगळी, तो शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक खोटा रस्ता जाहीर केला. तो हाँगकाँगच्या कंपनीमार्फत जगभर पसरला आणि सुमारे दोन तास यूट्यूब बऱ्याच ठिकाणी गायब झालं. कारण साधं. यूट्यूबची पाटी १०२४ पत्त्यांची होती, पाकिस्तानची त्यातल्याच २५६ची. नुसतं गावाचं नाव असलेल्या पाटीपेक्षा गल्लीचं नाव असलेली पाटी राउटर खरी मानतो.

आता पाटी लावणाऱ्याचा हक्क तपासायला आरपीकेआय आहे. एफआरराउटिंगमध्ये ती सोय मिळते, पण ती आपण चालू करावी लागते.

करून बघायचंय? लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन त्रिकोणात जोडा, ओएसपीएफ चालू करा आणि एक जोडणी तोडा. मग 'शो आयपी रूट' टाइप करा. ज्या ओळीपुढे 'ओ' दिसेल, तो रस्ता ओएसपीएफनं शोधलाय.