सौंसरचा सोबती

माझा एक सोबती गेला. तो प्रसिद्ध गवई नव्हता. त्याचे नाव वर्तमानपत्रात कधी छापून आले नाही, आणि घरची माणसे संकोची असल्यामुळे येथेही ते देत नाही. वसतिगृहात आम्ही त्याला ‘संत्रेवाले’ म्हणत असू. वाचकांनी त्याला त्याच नावाने ओळखावे.

आमची गाठ पडली ती खैरागडला, 1999 सालच्या पावसाळ्यात. आमचे वडील शिंदे सरकारच्या दरबारात अगदी अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटण्याच्या वयात, आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसले. 1948 साली संस्थान मध्यभारतात गेले आणि ती चाकरीही गेली. पण घरात तालीम राहिली. तेव्हा मी एम. ए. करायला बाहेर का जावे, असे पुष्कळांनी विचारले. ग्वाल्हेरला त्या वेळी संगीताचे विद्यापीठ नव्हते. राजा मानसिंह तोमरांच्या नावाचे विद्यापीठ झाले ते 2008 साली. खैरागडचे इंदिरा कला संगीत विद्यापीठ मात्र 1956 पासूनचे. तिथल्या राजेसाहेबांनी आणि राणीसाहेबांनी बालपणी वारलेल्या आपल्या मुलीच्या नावाने ते काढले आणि त्यासाठी आपला राजवाडा देऊन टाकला. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा माणूस तिथे कुलगुरू होऊन गेला. वडील म्हणाले, “जा. दुसऱ्याच्या दारचे गाणे ऐकल्याशिवाय आपल्या दारचे कळत नाही.”

खोलीत शिरलो तर एक सावळा, ठेंगणा मुलगा पेटीवर घरून आणलेले सांडगे वाळत घालत होता. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, हार्मोनियमची! मी रागावून काही बोलणार तोच तो म्हणाला, “काहून पाहून राह्यला बे? पेटी माझी, सांडगे माझे. तुले पाह्यजेत का?” तो तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसरचा. घरी थोडी संत्र्याची बाग होती आणि वडील खंजिरी भजनाचे नादी. तुकडोजी महाराजांच्या त्या परंपरेने विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या ह्या पट्ट्यात किती गळे तयार केले, ह्याची मोजदाद आपण शहरातल्या लोकांनी कधी केली नाही. गळा मोकळा, उंच, जरा रांगडा. पण सुराला असा पक्का की तंबोरा त्याच्याकडून मिळवून घ्यावा.

माझ्या मराठीची तो फार चेष्टा करी. “तुम्ही ग्वाल्हेरवाले मराठी बोलता, का हिंदीले धोतर नेसवता?” मीही त्याच्या ‘राह्यलो’, ‘गेल्लो’वर तोंडसुख घेई. पण खरे पाहता आम्ही दोघे एकाच नात्याचे होतो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. फरक एवढाच की आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेमागे उत्तरेत आले आणि त्याचे पूर्वज होते तिथेच राहिले. हद्दच त्यांच्या अंगणातून निघून गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूर ही ज्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती तो मोडला. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे छिंदवाड्याबरोबर नव्या मध्यप्रदेशात राहिली. 2000 साली त्याच तारखेला छत्तीसगड झाले आणि आम्ही मध्यप्रदेशातल्या खोलीत निजलेले दोघे सकाळी दुसऱ्याच राज्यात उठलो. मला मोठी गंमत वाटली. तो दात घासता घासता म्हणाला, “आमच्या घरी हे पह्यल्यांदा नाही होऊन राह्यलं. आमचा आजा झोपला तवा राजधानी नागपूर होती. उठला तं भोपाळ.”

दिवाळीनंतर आंब्या बहाराची आणि होळीच्या सुमारास मृग बहाराची, अशी संत्र्यांची दोन पोती तो दरवर्षी आणी. सौंसरहून छोट्या रुळांच्या गाडीने नागपूरच्या इतवारी स्टेशनापर्यंत, तिथून मोठ्या गाडीने डोंगरगड, पुढे मोटार. ती छोटी गाडी 2015 साली रुंद रुळांसाठी बंद झाली तेव्हा त्याने मला फोन करून बातमी दिली, जणू घरातले कोणी म्हातारे माणूस गेले आहे.

गाण्यात तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे लिहायला मला पंचवीस वर्षे लागली. आमच्या घराण्याची शिस्त मी पाठ केलेली. अस्थाई-अंतरा सबंध भरावा, मग आलाप, मग बोलआलाप, सारे यथासांग. तो तिलवाड्याच्या सोळा मात्रांत डोळे मिटून बसे आणि समेवर असा येई की जणू सम त्याची वाट पाहत थांबली होती. परीक्षेत मात्र मला दोन गुण जास्त मिळाले. शास्त्राच्या लेखी परीक्षेत त्याचे हिंदी अडखळले.

पुढे मी ग्वाल्हेरला शिकवू लागलो आणि तो गावी परतला. सौंसरला चार दिवस आणि पांढुर्ण्याला बहिणीकडे दोन दिवस, असा त्याचा वर्ग चाले. संत्र्याला भाव आला तर फी येई, गळ झाली तर येत नसे. एकदा, साधारण 2012 साली, मी त्याला फोनवर बोललो, “तू तिथे फुकट गेलास.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पोट्ट्यायले भूप येते आता.” आणि विषय बदलला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्याहून मोठी लाज पुढे आहे.

पांढुर्ण्याची गोटमार आपण ऐकून असाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक ते मिळवण्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदीत दोघांना गाठले, अशी त्यामागची कथा. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात. जीवही गेलेले आहेत. माझ्या मित्राला ह्या खेळाचा तिटकारा होता, पण बहिणीकडे पुरणपोळीला तो हटकून जाई.

3 सप्टेंबर 2024, गोटमारीचा दिवस. सकाळी साडेनवाच्या सुमारास त्याचा फोन आला. कोणा विद्यार्थिनीच्या परीक्षेविषयी काही विचारत होता. शब्द जड येत होते, एकात एक मिसळत होते. त्याला पानाची सवय होती. मी हसलो आणि म्हणालो, “आधी ते पान थूक, मग बोल.” पलीकडून हसल्यासारखा काहीसा आवाज आला आणि फोन बंद झाला. माझा तास होता. मी तासावर गेलो.

तोंडात पान नव्हते. फोन ठेवून तो आतल्या खोलीत आडवा झाला. घरात पाहुण्यांची वर्दळ, गावात ती गर्दी. झोपला आहे असे सगळ्यांना वाटले. दुपारी भाची चहा घेऊन गेली तेव्हा उजवा हात उचलेना आणि तोंड एका बाजूला ओढलेले. आपल्याकडे म्हणतात तसे अंगावरून वारे गेले होते. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरएक किलोमीटर. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

पुढे माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, ते डॉक्टर आहेत, मला सगळे समजावून सांगितले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचे स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना हे पाहावे लागते. ओळखायला तीन खुणा. हसायला सांगावे, ओठ एका बाजूला उतरतो का पाहावे. दोन्ही हात वर करायला सांगावे, एक खाली येतो का पाहावे. आणि बोलायला लावावे, जीभ जड होते का ऐकावे. तिन्हींतली एक दिसली तरी वेळ न दवडता 108 ला फोन करावा. ते हे सांगत होते तेव्हा माझ्या कानात साडेनवाचा तो फोन वाजत होता. तिसरी खूण सर्वांत आधी मीच ऐकली होती, आणि सूर ऐकणे हा तर माझा धंदा.

दिवाळीनंतर मी सौंसरला गेलो. वहिनींनी दार उघडले. तो खाटेवर बसला होता. मला पाहून डोळे भरून आले, तोंडातून “ह... ह...” एवढेच निघाले. त्याला सारे कळत होते. बोल मात्र गेले होते. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पाणी मागता येत नाही हो त्यायले. अन् काल रात्री गायले.” माझा विश्वास बसेना. मी पेटी ओढली आणि भूपाचा षड्ज धरला. त्याने डोळे मिटले आणि खैरागडला घोटलेली बंदिशीची अस्थाई, शब्दांसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. आवाज घोगरा, एका बाजूने हवा निसटणारा. पण एकही अक्षर गळले नाही. पेटी बंद झाली आणि तो पुन्हा मुका झाला.

ही काही चमत्काराची गोष्ट नाही. बोलणे बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असते, गाण्याला उजव्याचाही हात लागतो. डावा भाग बिघडला तरी पाठ असलेले गाणे पुष्कळदा शाबूत राहते. 1973 साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या काही तज्ज्ञांनी ह्यावरून बोलणे परत शिकवण्याची रीत बसवली. रोजचे वाक्य दोन सुरांत, उंच आणि खाली, गाऊन म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने थाप द्यायची. हळूहळू सूर काढून घ्यायचे. सर्वांना गुण येतो असे नाही.

मी आठ दिवस राहिलो. षड्ज आणि कोमल गंधार, एवढेच दोन सूर. “पा-णी”, “भू-क”, “च-हा”. डावा हात माझ्या गुडघ्यावर पडे. आयुष्यभर ज्याच्या लयीचा मी हेवा केला, तो अक्षराअक्षराला चुकत होता आणि चिडून पेटीवर हात आपटत होता. चौथ्या दिवशी “पाणी” आले. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

निघायच्या आदल्या रात्री मी त्याला त्या फोनचे सांगितले. मला काय ऐकू आले, मी काय समजलो, काय म्हणालो, सगळे. तो ऐकत होता. मग त्याचा डावा हात उठला, माझ्या गुडघ्यावर दोनदा पडला, आणि दोन सुरांत त्याने म्हटले, “पा-न.” आणि अर्ध्या तोंडाने हसला. मला क्षमा केली, की माझी चेष्टा केली, की नवा शब्द साधला म्हणून त्याला आनंद झाला, हे विचारायची सोय नव्हती.

2025 च्या माघात दुसरा झटका आला, तो मेंदूतल्या रक्तस्रावाचा. दोन दिवसांत सगळे आटोपले. तेव्हा मृगाची संत्री तोडायला आली होती. मी पोचलो तेव्हा अंगणात करंड्या रचलेल्या होत्या आणि व्यापारी बिचारा कोपऱ्यात उभा राहून बोलावे की न बोलावे ह्या विचारात होता.

पांढुर्ण्याचा वर्ग आता त्याची एक विद्यार्थिनी चालवते. सकाळच्या त्या फोनमध्ये जिच्या परीक्षेविषयी तो विचारत होता, तीच ही. अडले तर ती मला फोन करते. मी तिला दोन-तीन वाक्ये नीट बोलू देतो, आवाज ऐकून घेतो आणि मग काय विचारायचे आहे ते विचारतो.