चालता ना? मग बैठकाही मारा
सकाळी बागेत चार फेऱ्या मारल्या की व्यायाम झाला, असं मानणारे पुष्कळ. चालण्याने दमसास वाढतो हे खरं, पण रमतगमत नव्हे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत धाप लागायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी असा व्यायाम आठवड्यात किमान १५० मिनिटं करावा.

त्याच शिफारशींतली दुसरी अट मात्र आपण सोयीस्कर विसरतो: आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकदीचं काम. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. तालमीतल्या जोर-बैठका म्हणजे असंच ताकदीचं काम. पण सुरुवात खुर्चीवरूनही होते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या कडेला बसा, हात छातीशी घ्या, टाचा न उचलता उठा. खरी मेहनत बसताना आहे. धप्पकन बसलात तर अर्धा व्यायाम बुडाला. तीन-चार आकडे मोजत सावकाश खाली या. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की खुर्ची थोडी बुटकी घ्या किंवा हातात पाण्याची बाटली धरा. भार वाढला नाही, तर स्नायूंना बळकट होण्याचं कारणच उरत नाही.

मधे एक दिवस विश्रांती हवीच. मांड्या दोन दिवस ठणकल्या तर घाबरू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबून डॉक्टर गाठा. आणि प्रोटीन पावडरच्या डब्याची घाई नको. आधी ताटातली डाळ, उसळ, दही, अंडी वाढवून बघा.