मोटारीतील गारवा कोठे अडतो?

शहापूरच्या घरांना मोटारीतील वातानुकूलन यंत्राची एरव्ही फारशी आठवण होत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले. उन्हाळ्यातही सायंकाळी येथे वाऱ्याची झुळूक येते. परंतु मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या दर्शनास जुन्या गोव्याकडे निघालेले कुटुंब चोर्ला घाट उतरू लागले, की उकाडा असह्य होतो. बटन दाबावे, तो गरम वाराच अंगावर येतो. मागे वृद्ध आजी, तिच्या मांडीवर तान्हे मूल. अशा वेळी यंत्राचा बिघाड ही केवळ गैरसोय राहत नाही.

परतल्यावर गॅरेजात जावे, तर पुष्कळदा तपासणीआधीच 'गॅस संपला', नाहीतर 'कॉम्प्रेसर गेला' असा निकाल मिळतो. कॉम्प्रेसर बदलणे म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. दोष मात्र कधीकधी काही रुपयांच्या फ्यूजचा असतो. कर्ज काढून गाडी घेतलेल्या आणि भाड्यावर पोट भरणाऱ्या घरास हा फरक थोडा नव्हे.

शहापूरच्या विणकराचा धागा तुटला, तर तो सारा ताणा उतरवून टाकीत नाही. तुटलेले टोक शोधून गाठ मारतो. विजेचा दोषही असाच शोधावयाचा असतो. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड मोटारीत हे यंत्र आले, तेव्हा त्यास क्लच नव्हता. गारवा नको असल्यास इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे! आज ते काम कॉम्प्रेसरच्या तोंडावरील विद्युतचुंबक करतो. त्याच्यापर्यंत वीज पोहोचते की नाही, हाच मुख्य प्रश्न.

प्रथम इंजिन सुरू करून यंत्र चालू करावे. वाराच येत नसेल, तर दोष ब्लोअरकडे आहे. तो फक्त सर्वांत जास्त वेगावरच चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. वारा येतो पण गार नाही, असे असेल तर बॉनेट उघडून, हात व पदर पट्ट्यापासून दूर ठेवून, कॉम्प्रेसरकडे पाहावे. पुली सदैव फिरते. पुढची चकती मात्र 'टक्' आवाज करून क्लच बसल्यावरच फिरते. ती स्थिर असेल, तर फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा घालावा. तोही जळाला, तर तार किंवा कॉइल कोठेतरी शॉर्ट आहे. तेथे तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे गाडीस आग लावणे होय. नंतर रिले: त्याच क्रमांकाचा दुसरा चांगला रिले तेथे बसवून पाहिला, की उलगडा होतो.

पुढे मल्टिमीटर हवा. क्लचच्या जोडणीत १२ व्होल्ट येत असून अर्थिंगही ठीक असेल, तरीही चकती ओढली जात नसेल, तर कॉइल तपासावी; तिचा रोध सामान्यतः तीन ते पाच ओहम असतो. वीज पोहोचतच नसेल, तर प्रेशर स्विच पाहावा. येथे मोठी गफलत होते. गॅस कमी झाला, की हा स्विच मुद्दामच वीज तोडतो. कारण गॅसबरोबर फिरणारे तेल न मिळाल्यास कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून त्या स्विचच्या तारा परस्पर जोडून गाडी चालवू नये, आणि गळती शोधल्यावाचून नुसता गॅस भरण्यास पैसे देऊ नयेत. धावताना गार आणि थांबल्यावर गरम, असे होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहावा.

काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. त्यांची परीक्षा निराळी. विजेवरील मोटारींतील नारिंगी तारांस तर प्रशिक्षित मेस्त्रीवाचून कोणी हात लावू नये. बाकी, पावसाळ्यात व थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे. आतील तेल फिरून सील सुकत नाहीत.