बेचाळिसावा दिवस

हरिसालपर्यंत एसटी आणि पुढे चाळीस किलोमीटर पायी. १९८५ साली शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला दवाखाना थाटायला गेले तेव्हाची ही वाट. फी पहिल्यांदा दोन रुपये, पुन्हा आलात तर एक. हा किस्सा वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे आणि २०१९च्या पद्मश्रीनंतर तर तो शाळेतल्या भाषणांतही शिरला. मला मात्र त्यांच्या घरातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. डॉ. स्मिता कोल्हे गावातच बाळंत झाल्या आणि बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर असं एकामागून एक लागलं. गावकरीच म्हणू लागले, अकोल्याला न्या. नवऱ्यानं निर्णय बायकोवर सोपवला. गावातल्या पोरांवर जे उपचार होतात तेच माझ्या पोरावर होतील, असं स्मिताताईंनी ठरवलं. बाळ वाचलं. ही जोखीम मी कुणाला सुचवणार नाही. पण गावाचा त्यांच्यावर जो विश्वास बसला, तो कुठल्याही पदवीनं बसला नसता.

अकोल्याला जाणं ज्यांना परवडत नाही त्यांचं काय, हा प्रश्न १९९३ साली मेळघाटातल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी चव्हाट्यावर आणला. तेव्हापासून उच्च न्यायालयात याचिकांवर याचिका चालू आहेत. मंत्री धारणी-चिखलदऱ्याला येऊन जातात, गाड्यांचा ताफा परततो, रस्त्यावरची धूळ खाली बसते.

धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशिष सातव यांनी १९९८च्या सुमारास झोपडीत दवाखाना सुरू केला. डोळ्यांच्या डॉक्टर कविता सातव त्यांना येऊन मिळाल्या. त्यांच्या ‘महान’ या संस्थेच्या नावात इंग्रजी आद्याक्षरं दडली आहेत: ध्यान, व्यसन, आरोग्य, एड्स, पोषण. म्हणजे जंगलातल्या कुपोषणाशी झगडायला निघालेल्या माणसानं एड्स हा शब्द पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिला होता! दवाखान्यापेक्षा मोठं काम मात्र पाड्यांवर झालं. जेमतेम शिकलेल्या कोरकू बायकांना बाळाचे श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं गेलं.

ही रीत आधी गडचिरोलीत पारखली गेली होती. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बाईच्या हाती नवजात बाळाची काळजी सोपवली आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’नं त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. पुढे तीच रीत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईनं घरी जायचं, वजन करायचं, काखेत थर्मामीटर धरायचा. या सहा भेटींचा मोबदला बरीच वर्षं २५० रुपये आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सन्मान केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. कागदोपत्री त्या आजही ‘स्वयंसेविका’च.

पण गावची बाई गावची असते म्हणजे काय असतं? पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या विळ्याचे चटके, म्हणजे डंबा, द्यायला निघालेल्या आजीला ती अडवू शकते, कारण ती आजी तिची सासू किंवा मावस सासू असते. बाहेरचा डॉक्टर ओरडून निघून जातो, हिला तिथंच नांदायचं असतं. भूमका किंवा पडियार या गावातल्या वैदू-मांत्रिकांना खोटं पाडण्यापेक्षा पूजा करा, पण पोराला दवाखान्यातही धाडा, असं त्यांच्याकडूनच म्हणवून घेतलं की काम होतं. हे शहाणपण कुठल्या परिपत्रकातून आलेलं नाही.

एचआयव्हीत मात्र नेमकं हेच उलटतं. जी बाई सगळ्यांना ओळखते, तिच्यापासूनच लपवायचं असतं. आता दिवस राहिलेल्या प्रत्येक बाईची पहिल्याच तपासणीत एचआयव्ही चाचणी होते. बोटाला सुई टोचली की काही मिनिटांत निकाल. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. आईनं रोज गोळी घेतली आणि बाळाला औषध दिलं, तर तो ५ टक्क्यांच्या आत येतो. गोळ्या २००४पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. अमरावतीत इर्विन रुग्णालयात आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात या गोळ्या देणारं एआरटी केंद्र आहे. तरी ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीनं आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यात नाव लावणारी माणसं असतातच. तिकिटाचे पैसे जातात, रोज बुडतो, घरी विचारलं तर ‘बीपीच्या गोळ्या’. गावात या रोगाला नावही नाही, ‘मोठा आजार’ म्हटलं की समजतं.

आणि गावच उठलं तर ही ओळखीची बाईही सुटते. मेळघाटातून उठवून अकोला जिल्ह्यातल्या अकोटच्या बाजूला वसवलेल्या काही गावांचे लोक जानेवारी २०१९मध्ये पुन्हा जंगलात शिरले होते. पुनर्वसनात आरोग्याच्या सोयी मिळाल्या नाहीत ही त्यांची एक तक्रार होती. जिल्हा बदलला की रजिस्टर बदलतं आणि आशाताईही बदलते. नव्या जागी ‘आपली बाई’ तयार व्हायला वर्षं लागतात.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्ताचे थेंब पहिल्यांदा घेतले जातात ते सहा आठवड्यांनी, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. आशाताईची शेवटची भेटही त्याच दिवसाची, आणि लसही त्याच आठवड्याची. आईसाठी ही केवढी सोय! पोराला सुईला नेते, एवढं सासूला सांगितलं की पुरतं आणि आशाताई सोबत असली की कुणी प्रश्नही विचारत नाही. तिला खरं कारण सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा आईलाच देतो. काही आया सांगतात, काही नाही. न सांगणाऱ्यांच्याही घरची आशाताई सकाळी साडेआठच्या गाडीला हात दाखवून उभी असते. तिनं ओळखलेलं असतं की नसतं, हे तीही कुणाला सांगत नाही. शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात असते, तोवर पोरगं चालायला लागलेलं असतं.