स्टेपनीच्या वर लपलेला दोषी

अमेरिकेत 2004 ते 2008 दरम्यानच्या फोर्ड एफ-150 पिकअपचा एक आजार मेकॅनिकांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. कधी चालती गाडीच बंद पडते. संशय जातो टाकीतल्या पेट्रोल पंपावर, आणि चांगला पंप विनाकारण बदलला जातो.

खरा दोषी बहुधा मागे, स्टेपनीच्या वर बसलेला असतो: पंपाचं नियंत्रण करणारं मॉड्यूल. इंजिनाच्या संगणकाच्या आदेशानुसार ते पंपाचा वीजपुरवठा अतिवेगाने चालू-बंद करून त्याचा वेग ठरवतं. त्याची ॲल्युमिनियमची पाठ थेट पोलादी चासीला टेकलेली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी तिथे साचलं, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी फुगते, पाठीला भेगा पडतात, पाणी थेट सर्किटपर्यंत पोहोचतं.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, स्टेपनी उतरवायची, कनेक्टर सोडवून दोन बोल्ट खोलायचे. टाकीला हात लावावा लागत नाही! सुधारित मॉड्यूलला छोटे पाय असतात. त्यामुळे चासीपासून अंतर राहतं आणि हवा खेळती राहते. जुन्या पद्धतीचं सपाट मॉड्यूल पुन्हा तसंच चिकटवून बसवलं, तर तेही कुजणारच.